आईच्या अकरा गोळ्या, आणि तुमचा फार्मासिस्ट त्यात काय करू शकतो

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी आईला फोन लावा आणि विचारा की मेथोट्रेक्झेटची गोळी ती कोणत्या वारी घेते. "घेते गं डॉक्टरांनी सांगितल्यासारखी" असं म्हणाली तर ते उत्तर धरू नका, वार विचारा. तुम्ही दिलेल्या यादीत ती गोळी "सकाळच्या सहा" मध्ये बसलीय, ते वाचून मला धस्स झालं. संधिवाताला हे औषध आठवड्यातनं एकदाच असतं, ठरलेल्या एकाच वारी. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, ताप येतो, रक्तातल्या पेशी खाली जातात, आणि यात माणसं दगावलेली आहेत, जगभर दगावलेली आहेत. आई रोज घेत असेल तर पुढची गोळी द्यायची नाही आणि आजच्या आज डॉक्टरांना गाठायचं, "सोमवारी दाखवू" नको. तिला आत्ता काही होत नसलं तरीही.

फोन झाला असेल तर आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांची आहे, गावाला असते, शुगर, बीपी, थायरॉइड आणि संधिवात, दोन वेगळे डॉक्टर, दिवसाला अकरा गोळ्या, तुम्ही पुण्यात. आणि विचारलंय की डॉक्टरांनी चिठ्ठीवर सगळं लिहिलेलंच असतं तर मेडिकलमधल्या फार्मासिस्टनं यात वेगळं काय करायचं, आणि हे "पेशंट-सेंटर्ड केअर", म्हणजे आजारापेक्षा माणूस बघून उपचार करणं वगैरे, फक्त मोठ्या हॉस्पिटलातलं असतं का.

मी फलटणला २४ वर्षं काउंटरमागं उभा आहे, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हेच समजत होतो की चिठ्ठी आली, गोळ्या काढल्या, पाकिटावर १-०-१ लिहिलं, झालं काम. आज मला वाटतं की खरं काम त्याच्यानंतर चालू होतं. डॉक्टर आजार बघून औषध लिहितात, ते बरोबरच असतं, पण ते औषध ज्या घरात जातं तिथं नाश्ता किती वाजता होतो, चहा कितींदा होतो, उपास कोणते, डोळ्याला दिसतं किती, गोळ्या कोण काढून देतं, महिन्याच्या शेवटी हातात पैसे उरतात का, हे चिठ्ठीवर कुठंच नसतं. आणि औषध लागू पडणं न पडणं बऱ्याचदा तिथंच ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल आहे, त्यात विकसित देशांचीच गोष्ट सांगितलीय की जुनाट आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे लोक सरासरी ५० टक्के भरतात. श्रीमंत देशांत ही अवस्था, तर आपल्याकडं एका घरात तीन म्हाताऱ्यांच्या गोळ्या एकाच डब्यात असतात तिथं काय होत असेल बघा.

म्हणून मी पेशंटला "गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारायचं सोडून दिलंय, त्याला सगळे हो म्हणतात. "समजलं का?" लाही हो म्हणतात. मी म्हणतो, "काकू, काल सकाळी उठल्यापासनं काय काय केलं ते सांगा, त्यात गोळ्या कुठं आल्या ते पण सांगा." मग कळतं की थायरॉइडची गोळी चहाबरोबर जाते कारण उठल्यावर पहिलं काम चूल नाहीतर गॅस, आणि शुगरची गोळी नाश्त्याआधी जाते खरी पण नाश्ता व्हायला अकरा वाजतात कारण आधी जनावरांचं करायचं असतं. अमेरिकेत इंडियन हेल्थ सर्व्हिस म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांसाठीची सरकारी आरोग्यसेवा आहे, तिथल्या फार्मासिस्टांनी तीन प्रश्नांची एक पद्धत बसवली जी आता कॉलेजात शिकवतात. डॉक्टरांनी हे औषध कशासाठी सांगितलं, कसं घ्यायला सांगितलं, आणि याने काय होईल म्हणाले. तीन साधे प्रश्न, पण उत्तर पेशंटच्या तोंडून येतं म्हणून चूक लगेच उघडी पडते. मी शेवटी अजून एक जोडतो, "आता घरी जाऊन सुनेला कसं सांगाल ते मला सांगून दाखवा." त्यात जे चुकतं तेवढंच परत सांगायचं, सगळं पुराण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पिशवी. माझ्या नेहमीच्या पेशंटना मी वर्षातनं दोनदा तरी सांगतो की घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, चालू असलेली, बंद केलेली, शेजारणीनं दिलेली, पुडी, काढा, चूर्ण, डोळ्याचे ड्रॉप, मलम, सगळं. त्या पिशवीतनं जे निघतं ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिपा तर फार वेळा निघतात. आपल्याकडं एकेका औषधाची कितीतरी नावं आहेत, एका डॉक्टरनी एका नावानं लिहिलं, दुसऱ्यानी दुसऱ्या नावानं, पेशंटच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोळ्या. किंवा दुकानात एका कंपनीचा माल संपला म्हणून मागच्या वेळी दुसऱ्या कंपनीची त्याच औषधाची दिली, गोळीचा रंग बदलला, पेशंटला वाटलं नवीन चालू झाली, जुनी उरलेली आणि नवी दोन्ही चालू. आणि हॉस्पिटलातनं घरी आल्यावरचा पहिला आठवडा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण डिस्चार्ज कार्डावरच्या नव्या गोळ्या येतात आणि घरातल्या जुन्या कोणी फेकत नाही. त्या आठवड्यात जो मुलगा किंवा मुलगी औषधं न्यायला येते त्यांना मी नुसती औषधं देऊन परत पाठवत नाही, म्हणतो आधी जुन्यांचा फोटो पाठवा.

तुमच्याच यादीत बघा. तुम्ही कंपनीची नावं लिहिलीत ते बरं केलंत. सकाळी एक बीपीची आहे, ती टेल्मिसार्टन ४०. रात्रीची "दुसऱ्या डॉक्टरांची बीपीची" म्हणून जी लिहिलीय ती टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी आहे. म्हणजे आईला टेल्मिसार्टन दोनदा जातंय. कधी कधी डॉक्टर मुद्दाम विभागून देतात, नाही असं नाही, पण दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलंय तेव्हा एकाला दुसऱ्याचं माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. आई सकाळी उठताना चक्कर येते म्हणते असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, माझ्या मते ती ओळ वरती हवी होती. घरी मशीन असेल तर बसून आणि मग उभं राहून एक-दोन मिनिटांनी असं दोन्ही बीपी मोजा, चार दिवस लिहून ठेवा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका, मीही तसं सांगणार नाही.

पुडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सांधेदुखीवर कोणाकडनं तरी आणलेली बिननावाची पुडी किंवा काळी गोळी, "दोन दिवसात उठून चालायला लागलो" असं माणूस सांगतो तेव्हा माझ्या मनात पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. शुगर वाढते, तोंड सुजतं, आणि बरेच महिने घेऊन एकदम बंद केलं तर अंगावर बेतू शकतं. पण हे विचारताना आवाज चढवला की पेशंट पुन्हा कधीच खरं सांगणार नाही. "काय खाताय हे, विष खाताय" असं मी एका आजोबांना बोललो होतो दहा-बारा वर्षांपूर्वी, त्यांनी मान हलवली, पुडी खिशात घातली आणि दुकानात यायचं बंद केलं. ते बोलणं मला आजही लागतं. आता मी म्हणतो, "दुखतं तर माणूस काहीतरी शोधणारच, दाखवा बरं, ही डॉक्टरांना पण दाखवूया."

उपासाचं मात्र सविस्तर लिहितो कारण ते कोणी विचारतच नाही. तुमच्या आईच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे, मेटफॉर्मिनबरोबर एकत्र. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा शुगर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड नेतं, तुम्ही जेवलात की नाही हे त्या गोळीला कळत नाही, ती आपलं काम करत राहते. एक काकू होत्या, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाता राहणाऱ्या, गोळी मात्र नेमानं सकाळी आठला कारण "गोळी चुकवायची नाही" असं सगळ्यांनीच त्यांना बजावलेलं, मीसुद्धा. दुपारी त्या ओट्यावर घामाघूम होऊन बसलेल्या सापडल्या, बोलणं अडखळत होतं, घरच्यांना वाटलं लकवा. शेजारच्या मुलीनं साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासनं ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन देताना मी पहिला प्रश्न उपासाचा विचारतो. आणि नुसतं "उपास करता का" नाही, कसला उपास ते पण, कारण आपल्याकडं उपास दोन टोकांचे आहेत. एक काहीच न खाण्याचा, त्यात शुगर पडते. दुसरा साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, वरीचा भात, खजूर असा, त्यात शुगर चढते. दोन्हीचं उत्तर वेगळं, आणि गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनी आधी ठरवून द्यायला लागतं, नवरात्र असो, एकादशी असो की रमजानचे रोजे. रोज्यांच्या बाबतीत तर महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटायला सांगतो. श्रद्धेत मी पडत नाही, "उपास सोडा" म्हणालो तर त्या मला न सांगता करतील एवढंच होईल. आणि अजून एक, ज्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला लॅबमध्ये जायचंय त्या दिवशी शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी तिथं दोन तास बसणारे लोक मी बघतो. रक्त देऊन झालं, नाश्ता समोर आला, की मग गोळी.

शुगर पडल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ हवीत. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, विचित्र बोलणं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत शुगर तपासा, बरं वाटलं की काहीतरी पोटभर खायला द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. पालखी फलटणला मुक्कामाला असते तेव्हा वारकरी दुकानात येतात, बहुतेकांना पायाच्या फोडांसाठी काहीतरी हवं असतं, पण मी शुगर आहे का हे विचारतोच, कारण घरी बसून घेतलेला डोस आणि दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालताना घेतलेला तोच डोस यात फरक पडतो. आणि शुगरवाल्याच्या पायाच्या फोडाला हलक्यात घ्यायचं नसतं.

इन्सुलिनचा एक किस्सा सांगतो, तुमची आई इन्सुलिनवर नाही तरी वाचा कारण कोणीतरी ओळखीचं असेलच. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या येतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवालं इन्सुलिन वेगळं, पेनातलं तसंच असतं, आणि १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. एक गृहस्थ, शुगर तीनशेच्या खाली येईना, डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, डाएट पाळत नाहीत म्हणून घरात रोज भांडणं. मी म्हणलं उद्या सिरिंज घेऊन या आणि माझ्यासमोर भरून दाखवा. केशरी टोपण. कुठनं तरी शंभरची सिरिंज आणलेली आणि बाटली चाळीसची. त्या सिरिंजच्या २० च्या रेघेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात ८ युनिट जातात, म्हणजे वीसच्या जागी आठ. मी तिथल्या तिथं लाल टोपणाची सिरिंज दिली असती तर अजून मोठा घोळ झाला असता, कारण डोस आधीच दोनदा वाढवलेला होता, तो खरा खरा गेला असता तर रात्रीत शुगर पडली असती. आधी डॉक्टरांना फोन, त्यांनी डोस नव्यानं ठरवून दिला, मग सिरिंज. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये, तर २० च्या रेघेला ५० युनिट जातात, अडीचपट. हे सगळं "दाखवा" या एका शब्दानं सापडतं, फाइल वाचून सापडत नाही. सुई रोज त्याच जागी टोचून पोटावर गाठ आलेली असते ती पण दाखवल्यावरच कळते, आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. ठेवण्याचं पण बघायला लागतं. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीला जातो, लाइट जाते, वस्त्यांवर फ्रिज नसतो. मग ओलं मडकं, त्यात कोरडा डबा, डब्यात बाटली. आणि ज्यांच्याकडं फ्रिज आहे ते बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

इनहेलरचं पण तसंच. श्वासातनं ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट दरवर्षी एक-दोन तरी भेटतात, त्यांची चूक नाही, कॅप्सूल म्हणलं की माणूस गिळणारच, मशीनमध्ये घालून दाखवायला दीड मिनिट लागतं ते कोणी दिलं नाही. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची हे सांगितलं नाही तर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि मग पेशंट पंपच बंद करतो.

पैशाबद्दल बोलायला आपण सगळेच लाजतो. गोळी एक दिवसाआड घेणारे, अर्धी करून घेणारे, ते निष्काळजी नसतात, बऱ्याचदा त्यांना परवडत नाही. गर्दीत विचारलं तर कोणी सांगणार नाही, म्हणून मी काउंटरच्या बाजूला दोन खुर्च्या टाकल्यात. तिथं बसवून विचारलं की सांगतात. अर्धी करण्यात वेगळाच धोका आहे, हळूहळू विरघळणारी गोळी, जिच्या नावापुढं एसआर किंवा ईआर असतं, ती मोडली किंवा चावली की दिवसभराचं औषध एकदम पोटात सुटू शकतं. परवडत नसेल तर डॉक्टरांशी बोलून तेच औषध स्वस्तात बसवता येतं, जनऔषधीत मिळत असेल तर मी स्वतः तिकडं पाठवतो, माझं एक बिल गेलं तरी चालेल, माणसानं गोळी रोज घेतली पाहिजे. फक्त चिठ्ठीवरचं औषध मी माझ्या मनानं बदलू शकत नाही, तो माझा अधिकार नाही, डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांना फोन करायचा म्हणजे बरेच फार्मासिस्ट दचकतात, आणि काही डॉक्टरांना आवडतही नाही हे खरं आहे. माझा अनुभव असा की ओपीडीच्या मध्येच नाही करायचा, दुपारी करायचा, आणि तक्रारीच्या सुरात नाही. "सर, तुमच्या अमुक पेशंटला दोन ठिकाणहून टेल्मिसार्टन चालू आहे, उठताना चक्कर येतेय, काय ठेवायचं?" एवढंच. नव्वद टक्के वेळा पुढनं "बरं झालं सांगितलंत" येतं, हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही.

आणि हे काम म्हणजे उपकार नाहीत, हे तुम्ही लक्षात ठेवा. आपल्याकडं फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ आहेत, त्यात लिहिलंय की रजिस्टर्ड फार्मासिस्टनं पेशंटला औषधाचं नाव, कशासाठी, कसं आणि किती दिवस घ्यायचं, त्रास काय होऊ शकतो, ठेवायचं कसं, डोस चुकला तर काय करायचं हे समजावून सांगायचं. हा विचार जगात त्याच्याही आधीचा, हेपलर आणि स्ट्रँड या अमेरिकेतल्या फार्मसीच्या दोन प्राध्यापकांनी १९९० मध्ये मांडला होता की औषध हातात दिलं म्हणजे जबाबदारी संपत नाही, त्या औषधानं माणसाचं जगणं सुधारलं का इथपर्यंत ती जाते. आमच्या धंद्यात हे अजून सगळीकडं होत नाही, काउंटरवर फार्मासिस्टच नसतो अशी दुकानं आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तुम्ही दुकानात गेल्यावर सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहेत?" आणि त्यांच्याशीच बोला. संध्याकाळी सात ते नऊ जाऊ नका, तेव्हा कोणालाच वेळ देता येत नाही, दुपारी जा. औषधानं काही उलटा त्रास झालाय असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे, तिथं पेशंट स्वतः पण कळवू शकतो.

आता आईच्या गोळ्या. मी लांबनं बघतोय, आईला बघितलं नाही, त्यामुळं हे घेऊन तिच्या गावच्या फार्मासिस्टकडं आणि डॉक्टरांकडं जा आणि पक्कं करून घ्या. सकाळच्या सहा ती एकदम घेते असं तुम्ही लिहिलंय, त्यात थायरॉइड आणि कॅल्शियम एकत्र जातंय. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अडवतं, चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडचा रिपोर्ट वर राहतोय म्हणून डोस ७५ चा १०० केला असं तुम्ही लिहिलंत, कदाचित डोस कमी नव्हताच, कॅल्शियम आडवं येत होतं. म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर न्या, आणि हे बदलल्याचं डॉक्टरांना सांगा कारण आता औषध जास्त लागू पडेल, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, परत करायला लागेल. उठल्यावर थायरॉइड नुसत्या पाण्याबरोबर, चहासुद्धा त्यानंतर अर्धा-पाऊण तासानी. पॅन्टोप्राझोल, ती अ‍ॅसिडिटीची, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. शुगरची गोळी नाश्त्याचं ताट समोर आल्यावर, आधी नाही. टेल्मिसार्टन नाश्त्यानंतर चालेल. रात्री मेटफॉर्मिन एसआर जेवणाबरोबर, कोलेस्टेरॉलची झोपताना. संडासात गोळीचं टरफल दिसलं तर घाबरू नका, काही एसआर गोळ्यांचं कवच तसंच बाहेर पडतं, औषध आत गेलेलं असतं. फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्झेटसाठी दिलेलं आहे, कोणत्या दिवशी घ्यायचं हे त्या डॉक्टरांकडनं लिहून घ्या, बरेच डॉक्टर ते मेथोट्रेक्झेटच्या दिवशी देत नाहीत.

राहिली ती दुखण्याची, एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, "दुखलं तर" म्हणून दिलेली आणि तुम्ही म्हणता तशी रोज रात्री जाणारी. चिठ्ठीवर एसओएस लिहिलेलं असतं त्याचा अर्थ गरज पडली तरच, हे कोणी सांगत नाही. बीपीची टेल्मिसार्टन, मेथोट्रेक्झेट आणि त्यावर रोजची पेनकिलर, या तिन्हींचा भार मूत्रपिंडावर येऊ शकतो. शेवटचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, कधी केलं ते बघा आणि संधिवाताच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ही रोज चालू आहे. मध्ये डोकं दुखलं म्हणून पॅरासिटामॉल वेगळी घेत असेल तर ती पण मोजा, कारण या गोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं.

डबी घ्यायची म्हणताय, सात दिवसांची खणांची, घ्या, उपयोगी आहे. पण टेल्मिसार्टन स्ट्रिपमधनं सोडवून टाकू नका, ओल धरते, कात्रीनं पाकिटासकट एकेक कापून खणात ठेवा. थायरॉइडची तिच्या बाटलीतच राहू द्या, उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी. मेथोट्रेक्झेट डबीत घालायचीच नाही. ती वेगळ्या डबीत, वर मार्करनं मोठ्या अक्षरात वार लिहून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल, आणि घेतली की त्या गोलात फुली. आईला वाचायला त्रास होत असेल तर बाकीच्या पाकिटांवर मी काढतो तशी चित्रं काढा, उगवता सूर्य, भाकरी, चंद्र. आमच्याकडं एक ऐंशीच्या आजी आहेत ज्यांना अक्षर येत नाही, त्या या चित्रांवर नऊ औषधं बिनचूक घेतात.

पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा पिशवी तुम्हीच भरा. फ्रिजच्या डोक्यावर, देव्हाऱ्याच्या फळीवर, गादीखाली, वडिलांच्या जुन्या औषधांच्या डब्यात, सगळीकडं बघा. सगळ्यांचे फोटो काढा, नाव आणि एक्स्पायरी दिसेल असे, आणि एकच कागद करा ज्यावर कंपनीचं नाव, आतलं औषध, कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती वाजता हे असेल. तो कागद दोन्ही डॉक्टरांनी बघितला पाहिजे. एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक तुमच्या फोनमध्ये.

आईशी बोलणं झालं की वार मला कळवा. मी रात्री साडेनऊपर्यंत दुकानात आहे, आणि वार कळेपर्यंत माझा जीव भांड्यात पडणार नाही.